मे महिन्याचा रकाना

रत्नमाला गजभिये यांना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, खाली उतरत असे. कॉलेजातल्या मुलींना हे पक्कं ठाऊक होतं. बाई मोठ्यानं ओरडताहेत तोवर वर्ग खुशाल खुसुखुसु हसायचा. बाई हळू बोलायला लागल्या की सगळ्या माना खाली. अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलअखेर एका टंकलिखित कागदावर स्वतःचं नाव वाचून त्या इतक्या हळू बोलल्या, की शेजारच्या खाटेवर पडलेल्या त्यांच्या वडलांना, बाबाराव मेश्रामांना, तीनदा विचारावं लागलं, "का म्हणून राहिली तू? का झालं?"

झालं होतं ते असं. सत्त्याऐंशीचा पाऊस दगा देऊन गेला होता आणि दुर्ग जिल्ह्यात जागोजागी दुष्काळी कामं निघाली होती. त्यातलंच एक काम भिलाईजवळच्या रिसालीच्या पलीकडच्या परसाडबरी गावात निघालं. गावचा तलाव, ज्याला तिथले लोक जुन्ना बंधवा म्हणत, तो दीड मीटर खोल करायचा ठरला होता. दुर्गच्या एका कचेरीतून निघालेल्या त्या हिंदी कागदात तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की डॉ. श्रीमती गजभिये यांच्या बारा वर्षांच्या निरीक्षणानुसार मे आणि जून महिन्यांत या तलावात एकही जीव आढळत नाही, सबब खोदकामानं कसलीही हानी संभवत नाही. पुरावा म्हणून मागे त्यांच्याच हातचा तक्ता जोडला होता. बारा वर्षांच्या बारा ओळी. मे आणि जूनच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत चोवीस शून्यं, अगदी वळणदार, शाळेतल्या शुद्धलेखनासारखी.

रत्नमालाबाईंना तो कागद काढणाऱ्या मोहरील साहेबाचा राग आलाच. पण त्याआधी त्या शून्यांचा आला. कारण ती शून्यं कशी पडली हे जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं.

बाबाराव मूळचे उमरेडकडचे. अठ्ठावन्न साली ट्रंक आणि बायको घेऊन भिलाईला आले, रोलिंग मिलमध्ये खलाशी म्हणून, म्हणजे जड सामान हलवणारे कामगार म्हणून, चिकटले आणि तापल्या लोखंडाजवळ वर्षानुवर्षं उभे राहून पोरीला नागपुरात एम.एस्सी. केलं. पोरगी झूऑलॉजी शिकवायला लागली. चौऱ्याऐंशी साली तिला पीएच.डी. मिळाली, तीही याच बंधव्याच्या अभ्यासावर. त्या वर्षीच्या चौदा एप्रिलला वस्तीनं तिला स्टेजवर बसवून हार घातला. बाबारावांनी प्लांटमधल्या पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली; त्यानं भक्तिभावानं 'डॉ.' इतकं मोठं काढलं की गजभिये हे आडनाव शेवटी दाटीवाटीनं कोंबावं लागलं. वस्तीतली एखादी पोर नापास झाली की तिची आई तिला दंडाला धरून त्या पाटीसमोर आणून उभी करायची. म्हणजे ती डिग्री एकट्या रत्नमालाबाईंची राहिलीच नव्हती.

अभ्यास काय होता? सांगायला सोपा. पाणी आटत जातं तसे पाण्यातले जीव काय करतात, ते बघायचं. दर दुसऱ्या रविवारी बाई लूनावर जाळं, बाटल्या आणि डबा बांधून परसाडबरीला जायच्या, काठाकाठानं ठरल्या जागी जाळं ओढायच्या, जाळ्यात आलेल्या गोगलगाई, शिंपले, किडे, मासोळ्या मोजायच्या. शहात्तर साली बंधव्यात अक्तीच्या सणापर्यंत, म्हणजे आपल्या अक्षय्यतृतीयेपर्यंत पाणी टिकायचं. मग हळूहळू ते रामनवमीवर आलं, मग होळीवर. बारा वर्षांत पाण्यानं दीड महिना मागे पाय घेतला होता. हवामान कोरडं होत चाललंय हे पेपरवाल्यांच्या आधी रत्नमालाबाईंना कळलं होतं, आणि त्यांनी ते बोटांवर मोजून मोजून सांगितलंही होतं. कोणी ऐकलं नाही, ती गोष्ट निराळी.

आता ती शून्यं. कॉलेजला एक मेपासून सुट्टी लागायची ती जूनअखेरपर्यंत. रत्नमालाबाईंचे यजमान शालिकराम रेल्वेत गार्ड. वर्षाचा पास मिळायचा, आणि पास वाया घालवणं हे गजभियांच्या घरात अन्न टाकण्याइतकं पाप होतं. एक मेला सामान बांधून सगळे तुमसरला सासरी. जुलैत परतल्यावर बाई तक्ता पुढे घ्यायच्या. मे, जून. तलाव तर कोरडाच असणार. पाणी नाही तर जाळं ओढणार कुठे? जाळं नाही तर जीव कुठून येणार? दोन शून्यं काढायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. त्यांच्या गाईडनीही हेच केलं होतं, गाईडच्या गाईडनीही. उंटावरून शेळ्या हाकायचा हा शास्त्रीय प्रकार. बारा वर्षांत बंधव्यावर मे महिना कसा असतो ते त्यांनी एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

आणि हा तक्ता मोहरीलच्या हाती कसा गेला? बाईंनी स्वतः दिला. नरहरी मोहरील हे त्या कचेरीतले इंजिनियर. माणूस मोठा गोड. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट हातात घेऊन पुढे उभा असणारा. संक्रांतीला सपत्नीक तिळगूळ घेऊन बाईंच्या सेक्टरातल्या क्वार्टरवर आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं काम असं कपाटात पडून राहतं, जिवाला लागतं हो. सरकारला त्याचा उपयोग होऊ द्या." बारा वर्षांत असं म्हणणारा तो पहिला माणूस. रत्नमालाबाई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. चहाबरोबर चिवडाही केला, आणि अख्खा तक्ता स्वतः नकलून, खाली सही करून दिला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा तासून दिला.

तर तो कागद घेऊन, एक मेला तुमसरची गाडी सोडून, रत्नमालाबाई परसाडबरीला गेल्या. शालिकराम आणि पोरं पुढे गेली. बंधवा कोरडाठाक पडला होता. तळाला हाताएवढ्या भेगा. मधोमध सरईच्या, म्हणजे सालाच्या, लाकडाचा जुना खांब तेवढा उभा. त्या मुलखात तलाव खोदला की त्याचं लग्न लावतात. लग्नाचा तो खांब. लग्न न झालेल्या तलावाचं पाणी देवाधर्माला चालत नाही.

काठावरच्या झोपडीत भागीरथाबाई राहायची. जातीनं ढीवर, भंडाऱ्याकडची. नवऱ्यामागं दोन-तीन मुलूख हिंडून इथं टेकलेली. नवरा केव्हाच गेला, जाळं राहिलं. बारा वर्षं बाई तिच्याच ओट्यावर बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत आल्या होत्या, कारण त्या अख्ख्या गावात मराठी बोलणारी ती एकटी. बाईंना असं भर उन्हात आलेलं पाहून तिनं डोळ्यांवर हात धरला.

"आज कशा आल्या जी? पानी त नाई."

"भागीरथाबाई, खरं सांगा. या तलावात आत्ता काही जिवंत आहे का?"

भागीरथा हसली. एखाद्यानं घरात येऊन घरात कोणी राहतं का म्हणून विचारावं, तसं तिला वाटलं असावं. एक दगड उचलून ती खांबाच्या दिशेनं चालू लागली. खांबापासून पाचसहा पावलांवर बसली, त्या दगडानं वरचं कडक ढेकूळ फोडलं आणि खालच्या ओलसर काळ्या चिखलात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत चार गोगलगाई होत्या, तोंडाला झाकण घट्ट लावून झोपलेल्या. मग शिंपले निघाले. मग आणखी खालून, मनगटाएवढं काळं, बुळबुळीत, मिशीवालं काहीतरी वळवळत आलं. मागूर मासा.

"पावसाची वाट पाहून राहिले हे," भागीरथा म्हणाली. "पानी आलं का उठते सारे. बी हाय जी हे. वावरात बी पेरते, तसं."

"सगळीकडे असतात?"

"नाई. कडेची माती लोक वावरात नेते न. येका साली ह्या अंगाची, दुसऱ्या साली त्या अंगाची. पन खांबाच्या भवताल एकवीस हात कुदळ लावाची नाई. जुना कायदा हाय. म्हून सारं बी इथंच."

हा कायदा रत्नमालाबाईंना नवा नव्हता. त्यांच्या प्रबंधाच्या अगदी शेवटी, परिशिष्टात, 'स्थानिक धार्मिक समजुती' या मथळ्याखाली तो दीड ओळीत नोंदलेला होता. ज्या एका गोष्टीवर अख्खा तलाव दरवर्षी मरून जिवंत होत होता, तिला त्यांनी समजूत म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं. तिथंच, त्या ढेकळांत बसून, त्यांना स्वतःची इतकी चीड आली की मागूर त्यांच्या पदराला चिखल लावत निसटून गेला तरी त्यांना समजलं नाही. भागीरथानं तो उचलून गोगलगाईंबरोबर ओच्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या दुर्गला मोहरीलच्या टेबलासमोर उभ्या होत्या.

"माझं म्हणणं एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "गावाला काम द्या. चारी बाजूंनी खोदा. फक्त खांबाभोवतीचे एकवीस हात सोडा. तिथल्या चिखलात सगळा तलाव झोपलेला आहे."

मोहरीलनी खुर्ची पुढे केली, पंखा त्यांच्याकडे वळवला. "मॅडम, एस्टिमेट सरसकट दीड मीटरचं आहे. मधेच उंचवटा सोडला तर वरून तपासणीला येणारा विचारेल, हे काय? मी काय सांगू, खेड्यातली बाई म्हणते म्हणून? मला शास्त्रीय आधार लागतो. आणि शास्त्रीय आधार तर तुमचाच आहे. तो म्हणतो शून्य."

"ते शून्य खोटं आहे."

"असं कसं? सही आहे तुमची."

"मी मे महिन्यात तिथे कधी गेलेच नाही, मोहरील साहेब. न बघता लिहिलं."

मोहरीलनी इकडे तिकडे पाहिलं आणि दार ढकलून घेतलं. "हे असं मोठ्यानं बोलू नका," ते कळवळून म्हणाले. बाई मोठ्यानं बोलत नव्हत्याच. "तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो. लेखी द्याल तर विचार करावा लागेल. पण लेखी म्हणजे काय, ते समजतंय ना?"

समजत होतं. लेखी म्हणजे बारा वर्षांचा तक्ता खोटा. तक्ता खोटा तर प्रबंध खोटा. प्रबंध खोटा तर पाटीवरचा तो मोठा 'डॉ.' खोटा. आणि मग कोण काय बोलेल तेही त्यांना पाठ होतं. स्टाफरूममधले दोघेतिघे तर वाक्य तयार ठेवूनच बसले होते. ही माणसं डिग्र्या अशाच मिळवतात, हे ते आजवर फक्त डोळ्यांनी बोलत आले होते. सुट्टीत शून्यं सगळ्यांनीच लिहिली होती, पण चोरी यांची ठरणार होती.

संध्याकाळी शिफ्टचा भोंगा होऊन गेल्यावर त्यांनी बाबारावांना सगळं सांगितलं. म्हातारा खाटेवर उठून बसला. मग एकदम भडकला.

"बारा साल? बारा साल तू थ्या तुमसरले आंबे खाऊन राहिली अन् इकडं लिहून राहिली का काई नाई म्हणून?"

"हो बाबा."

"मी मिलमधे भट्टीचं टेंपरेचर न पाह्यता लिहिलं असतं, त मानसं मेले असते."

रत्नमालाबाईंनी तो टंकलिखित कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"लिहून दे," बाबाराव म्हणाले. "पन मी जित्ता हाय तवाच दे. माह्या मागं दिलं त लोक म्हनतीन, बाप असता त देऊ नसता देला. अन् थे पाटी मी उतरवनार नाई. कोनाले उतरवाची असन त येऊन उतरवा."

त्यांनी रात्री बसून तीन प्रती काढल्या. 'मी खालील सही करणार असं लिहून देते की मे व जून महिन्यांतील माझ्या नोंदी प्रत्यक्ष न पाहता केलेल्या आहेत. एक मे रोजी प्रत्यक्ष पाहता खांबाजवळच्या हातभर चिखलात इतके इतके जीव जिवंत सापडले.' एक प्रत विद्यापीठाला रजिस्टरनं, एक गाईडना, आणि एक स्वतः नेऊन मोहरीलच्या हातात.

मोहरीलनी ती वाचली. शांतपणे घडी घातली आणि खिशात ठेवली. फायलीत नाही, खिशात.

"हे मी पाहिलंच नाही असं समजतो," ते म्हणाले. "अहो, आपली मराठी माणसं इथं परमुलखात. त्यातून तुम्ही, तुमच्या समाजातून, एवढ्या कष्टानं वर आलेल्या. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, आणि कशासाठी? गोगलगाईंसाठी? उद्या तुम्हीच माझे आभार मानाल."

"ते पत्र आवक करून घ्या."

"नाही घेणार. तुमच्या भल्यासाठीच नाही घेणार."

काय करावं अशा माणसाचं? शिवी दिली असती तर परत देता आली असती. लाच मागितली असती तर तक्रार करता आली असती. हा माणूस त्यांच्यावर उपकार करत होता. त्यांची अब्रू राखतो म्हणून त्यानं बंधव्याचं मरण खिशात घातलं होतं, आणि वर 'तुमच्या समाजातून' म्हणाला होता, अगदी मायेनं. रत्नमालाबाई तिथून उठल्या त्या आवक खिडकीवर गेल्या. खिडकीवरचा बाबू म्हणाला, साहेबांची खूण असल्याशिवाय कागद घेत नाही. बड्या साहेबांना भेटायला गेल्या. बडे साहेब दौऱ्यावर. गाईड रायपूरला भेटले, ते मात्र स्पष्ट बोलले. "रत्नमाला, वेडी आहेस का? तुझं पत्र बाहेर काढलं तर आपल्या विभागातल्या वीस प्रबंधांचा मे महिना उघडा पडेल. माझा धरून." विद्यापीठाचं उत्तर कधी आलंच नाही.

आठ मेला खोदाई सुरू झाली.

अडीचशे माणूस कामाला लागलं. रत्नमालाबाई सरपंचाकडे गेल्या, तर तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, घर में दाना नइ हे. काम झन रोकव." त्यानं खांबाला नारळ फोडून माफी मागून घेतली होती. देवाची समजूत नारळावर निघते, चिखलाची निघत नाही. पण त्याच्याशी तरी काय भांडायचं? गावाला दाणा हवा होता, आणि दाणा दीड मीटर सरसकटमध्ये होता. काम थांबवा असं बाई म्हणतच नव्हत्या. एकवीस हात सोडा म्हणत होत्या. तेवढ्यानं कोणाची एक दिवसाची मजुरीसुद्धा बुडाली नसती. तेवढी माती काठाकडे जास्त खोल खणून भरून निघाली असती. हे सांगायला त्या रोज उन्हात मुकादमामागे फिरल्या. तो दात कोरत म्हणायचा, साहेबांना विचारा.

अकराव्या दिवशी कुदळी खांबाशी पोचल्या. काळा चिखल पाट्यांमधून काठावर जाऊ लागला आणि उन्हात पसरला. पहिल्या तासातच बगळे उतरले, मग घारी. मजूर बायका गोगलगाई वेचून पदरात बांधत होत्या. त्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस परसाडबरीत सगळ्यांच्या चुली पेटल्या. उरलेलं काठावर वाळलं. शिंपले उन्हात उघडत होते. खांब हलला, कलला आणि दोन बैल लावून ओढून काढला गेला.

पाट्या वाहणाऱ्यांच्या रांगेत भागीरथाही होती. डोक्यावरच्या पाटीतून चिखलाचं पाणी तिच्या कानामागून ओघळत होतं. रत्नमालाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. तिला नको वाहू म्हणायला यांचं तोंड कुठलं होतं?

त्या दिवसापासून त्या ढिगाऱ्यावर छत्री घेऊन बसल्या आणि पाटी पाटी निवडत मोजत राहिल्या. बेचाळीस हजारांच्या वर गेल्यावर त्यांनी मोजणं सोडलं. नुसत्या गोगलगाई. आकडा लिहून त्यांनी मोहरीलना पाठवला. कचेरीतून छापील पोच आली, धन्यवादासह. हे पत्र कचेरीनं आवक करून घेतलं, कारण आता त्यानं काही बिघडणार नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीला पाऊस चांगला झाला. बंधवा काठोकाठ भरला. पाणी इतकं नितळ की बघणाऱ्याला वाटावं, वा! रत्नमालाबाईंनी ऑगस्टमध्ये तीनदा आणि सप्टेंबरमध्ये चारदा जाळं ओढलं. उडत येऊन पडणारे चार पाणकिडे सोडले तर जाळं रिकामं. त्या नितळपणाचीच त्यांना शिसारी आली. ज्या पाण्यात कोणी राहत नाही ते नितळच असणार.

दोन ऑक्टोबरला कचेरीनं तलावाच्या काठावर मांडव घातला. आदर्श तलाव म्हणून बंधव्याची निवड झाली होती. रोहू-कतल्याचं बी सोडायचं होतं, तलावाचा ठेका द्यायचा होता, आणि शास्त्रीय सहकार्याबद्दल डॉ. गजभिये यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. शालिकराम म्हणाले, जाऊ नको. बाबाराव म्हणाले, जा. रत्नमालाबाई गेल्या.

मोहरीलनी खांद्यावर शाल घातली, मंडळातल्यासारखं गोड हसले आणि दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे केला. समोर गाव होतं. मागच्या खुर्च्यांवर कॉलेजचे प्राचार्य आणि स्टाफरूममधले तेच दोघेतिघे होते. रत्नमालाबाई हिंदीत बोलल्या, सगळ्यांना कळावं म्हणून.

"मी या तलावाचा बारा वर्षं अभ्यास केला," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांत मे महिन्यात मी इथे एकदाही आले नाही. इथे काही जगत नाही असं मी घरी बसून लिहिलं. ते खोटं होतं. त्या खोट्याच्या जोरावर हा तलाव मारला गेला. ही शाल मला ज्या कामासाठी दिली, ते काम मी केलेलंच नाही."

मग मोहरीलनी पुढे होऊन अलगद माईक घेतला. "पाहिलंत?" ते भरल्या गळ्यानं म्हणाले. "एवढ्या मोठ्या विदुषी, आणि किती हा विनय! बारा वर्षं खपून म्हणतात, मी काही केलंच नाही." आणि त्यांनी स्वतः टाळी वाजवायला सुरुवात केली. प्राचार्यांनी वाजवली. स्टाफरूममधल्या दोघातिघांनी वाजवली. पाहता पाहता मांडव कडाडून गेला. रत्नमालाबाई ओरडल्या, आयुष्यात पहिल्यांदा रागानं खरोखर ओरडल्या, "अरे, मी खोटं लिहिलंय!" ते टाळ्यांत कोणाला ऐकू गेलं नाही.

शाल खुर्चीवर टाकून त्या खाली उतरल्या. बंधव्याच्या काठाला भागीरथा पाण्याकडे तोंड करून बसली होती. ठेका भिलाईच्या कोणा ठेकेदाराला गेला होता. उद्यापासून तिला तिथं जाळं टाकायची बंदी होती. रत्नमालाबाई तिच्याजवळ बसल्या.

"एकही माणूस ऐकायला तयार नाही, भागीरथाबाई," त्या म्हणाल्या. "त्या मोहरीलला मी सोडणार नाही. भोपाळपर्यंत लिहीन. तुम्ही तरी टाळ्या वाजवल्या नाहीत."

"मी कावून वाजवू जी?" भागीरथा म्हणाली. "मले समजलं तुमी का बोलल्या थे. तुमाले मोहरील सायबाचा राग हाय. मले तुमचा राग हाय."

रत्नमालाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"बारा साल तुमी माह्या ओट्यावर बसल्या. माह्या घरचा चहा पेल्या. जाळ्यात का आलं, किती आलं, सारं पुसलं. एक दिवस असं नाई पुसलं, का भागीरथा, उन्हाळ्यात पानी नसते तवा तू का खाते. पुसलं असतं त तवाच दाखवलं असतं न मी."

मांडवात कोणीतरी आभार मानत होतं. भागीरथानं गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली.

"आता येत्या उन्हाळ्यात मी का खाऊ," ती म्हणाली, "थे सांगा."